उघड्या तोंडाला बोळा

"चार वाजता पाइप बसलेला असेल," भिंगरी म्हणाला, "आणि चार वाजून पाच मिनिटांनी मी हात धुऊन चहा पीत असेन. हवं तर घड्याळ लावून ठेव."

शनिवारचे सकाळचे नऊ वाजले होते. हे ज्याला ऐकवलं तो मेहुणा गॅरेजच्या दारात पालथ्या बादलीवर बसला होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. मेहुणा बेकरीत कामाला. रात्रभर भट्टीपुढे उभं राहायचं आणि दिवसा जिथे पाठ टेकेल तिथे झोपायचं.

"भाऊजी," डोळे न उघडताच तो म्हणाला, "कुठल्या दिवसाचे चार?"

भिंगरी तोवर गाडीच्या दुसऱ्या बाजूला पोचला होता. पायाला भिंगरी लागलेलं पोर म्हणून शाळेत नाव पडलं, ते पन्नाशी आली तरी सुटलं नाही. जेवताना हा माणूस तीनदा उठायचा. सिनेमा शेवटच्या रांगेच्या मागे उभा राहून बघायचा. न्हावी त्याच्या एका हजामतीला दोघांचा वेळ धरायचा आणि कानापाशी आला की देवाचं नाव घ्यायचा. धंदा मात्र त्याला स्वभावाला शोभेल असाच मिळाला होता. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारे पत्र्याचे पाइप बसवायचे; आज या गच्चीवर, उद्या त्या तळघरात.

बावीस वर्षांत त्याने दोन नियम केले होते. पहिला नियम, धुराला लांब फिरवायचं नाही. लांब फिरवलं की धूर चिडतो. जवळची भिंत बघायची, भोक पाडायचं, मोकळं व्हायचं. दुसरा नियम, काम चालू असताना पाइपाचं उघडं तोंड दिसलं की बोळा कोंबायचा. नाहीतर उंदीर शिरतो, पाखरू शिरतं, आचाऱ्याचा चमचा शिरतो, आणि बोलणी आपण खायची. हा दुसरा नियम आता डोक्यात राहिलाच नव्हता, हातात उतरला होता. उघडी बाटली दिसली की भिंगरीचा हात काहीतरी शोधायला लागायचा. एकदा भाच्याच्या बासरीत त्याने रुमाल कोंबला होता, आणि ते पोर पंधरा दिवस रडत होतं की मला वाजवता येत नाही.

आणि आता प्रश्न पाइपाचाच होता, म्हणूनच तर एवढा तोरा.

गाडी लग्नाच्याही आधीची. बुटकी, लांब नाकाची, दोन दारांची, आणि इंजिन जगावेगळं. बाकीच्या गाड्यांत पिस्टन वरखाली करतात. हिच्यात एका फुगीर डब्यात तिकोनी रोटर गरागरा फिरत असे. ही जोडी जमली कशी ते सांगायलाच नको. या इंजिनाच्या खोडी भिंगरीला पाठ होत्या. थोडं तेल पितं, पिऊ द्यायचं. धूर फार तापट. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे थंड इंजिन सुरू करून, तापायच्या आत बंद केलं, की पेट्रोल आत साचतं आणि मग हात जोडा, पाय धरा, बाई चालू होत नाही.

पण त्या गाडीत बसला की हा माणूस गप्प बसायचा. खरोखर. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, पाय फक्त लागेल तेवढा हलायचा. बायकोने नवऱ्याला सलग अर्धा तास एका जागी बसलेलं पाहिलं होतं ते जगात एवढ्या एकाच ठिकाणी.

त्याच बायकोला गॅरेज हवं होतं. ती शिवणकाम करायची. दोन शिलाई मशिनी आणि एक कापायचं टेबल झोपायच्या खोलीत होतं. रात्री आडवं व्हायचं तर आधी पलंगावरून कुणाचा तरी अर्धा कोट उचलावा लागे. टाचण्या तर नशिबाला आल्यासारख्या कुठेही टोचायच्या. अकरा वर्षं ती गाडीची जागा मागत होती आणि अकरा वर्षं भिंगरी "बघू" म्हणत खोलीबाहेर जात होता. शेवटी मागच्या आठवड्यात गाडीचा मागचा सगळा पाइप, सायलेन्सरसकट, गंजून भर रस्त्यात गळून पडला. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने तो आणून दिला आणि वर म्हणाला, "काका, तुमचं काहीतरी पडलं." तसला पाइप आता कुठे मिळत नव्हता. आणि सोमवारी सकाळी दहाला गाडीची सरकारी तपासणी होती.

तेव्हा नवराबायकोचा करार झाला. सोमवारी चार वाजेपर्यंत गाडीच्या काचेवर पास झाल्याचा कागद लागला, तर गाडी राहील. नाही लागला, तर भंगारवाला चार वाजता येईल. त्याला सांगूनही झालं होतं. बायको शब्दाची पक्की. तिने गॅरेजच्या खिडकीचं माप घेऊन निळा पडदा शिवायलाही घेतला होता.

"पूर्वी पाइप पार मागे जायचा," भिंगरी आता गाडीखालून बोलत होता. "चाकांच्या दांड्यावरून वर चढायचा, पुन्हा खाली उतरायचा. कशाला? यात्रेला जायचंय का त्याला? आपण मध्येच वळवायचा आणि बाजूने, दाराखालून बाहेर काढायचा. ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूने. जवळची भिंत!"

"पलीकडच्या दाराखालून?" मेहुण्याने एक डोळा उघडला. "तिथे ताई बसते."

"तिला ऊबच मिळेल. ही बॅटरी घे आणि इकडे उजेड धर."

काम मात्र तो झकास करायचा, हे खोटं नाही. गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली. घोडी म्हणजे जड स्टँड, तीन फाकलेल्या पायांवर उभं, वर गाडी टेकते. भिंगरीने जुन्या पाइपाचा उरलेला तुकडा कापला, नवा जाड पाइप त्याला जोडला, वाकवलेल्या तुकड्यांना आधी ठिपक्या ठिपक्यांनी वेल्डिंग केलं, मग सगळीकडून भरून घेतलं. मध्येच उठून तो पाणी प्यायला, मध्येच गल्लीच्या टोकाला जाऊन आला, मध्येच त्याने मशीनवर बसलेल्या बायकोला येऊन सांगितलं की अजून फक्त दोन टाके.

"टाके मी घालते," बायको म्हणाली. "तुम्ही वेल्डिंग करा."

आणि बोलल्याप्रमाणे चार वाजायला पाच कमी असताना पाइप बसला. सरळ, चकचकीत, दाराखालून चार बोटं बाहेर डोकावणारा. भिंगरी हात पुसत उभा राहिला. बायको चहा घेऊन आली. मेहुणा गाडीखाली होता. त्याच्या हातातली बॅटरी अजून चालू होती, तो बंद होता.

"छान झालंय हो," बायको मनापासून म्हणाली. मग वाकली. मग अजून वाकली. "ही घोडी काढणार कशी?"

भिंगरीने पाहिलं. पाइप वळण घेऊन बाहेर येत होता तो घोडीच्या दोन पायांच्या मधून. दोरा सुईतून जावा तसा. घोडी काढायची तर पाइप कापायला हवा, आणि पाइप ठेवायचा तर गाडी जन्मभर घोडीवर.

"यात काही नाही," भिंगरी म्हणाला आणि लगेच गल्लीच्या टोकाला जाऊन आला.

चहा गार झाला.

रविवारी सकाळी त्याने ग्राइंडर लावून स्वतःचंच वेल्डिंग कापलं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? घोडी काढली, दुसरीकडे लावली, पाइप पुन्हा जोडला, आणि या वेळी वेल्डिंगच्या आधी तीनदा मोजून पाहिलं की पाइपाच्या पोटात घोडी, मेहुणा, बादली यांतलं काही राहिलेलं नाही. मग गाडी खाली उतरवली आणि किल्ली फिरवली.

आता धूर बाजूने निघत होता आणि बाजूला गॅरेजची भिंत होती, हातभर अंतरावर. जवळची भिंत म्हणतात ती हीच. आवाज असा झाला की शिलाई मशीनखालचं कापड आपोआप चार बोटं पुढे सरकलं. मेहुणा ताडकन उठला आणि पाव जळाले, पाव जळाले, असं ओरडला. शेजारच्यांच्या गॅलरीतली कुंडी खाली आली. पांढऱ्या भिंतीवर परातीएवढं काळं वर्तुळ उमटलं, आणि दचकलेल्या भिंगरीने झटकन इंजिन बंद केलं.

बंद केल्यावर त्याच्या लक्षात आलं. थंड इंजिन, तापायच्या आत.

"साचलं?" मेहुण्याने विचारलं.

"साचलं असेल थोडंसं. ते नंतर बघू. आधी सायलेन्सर."

सायलेन्सरशिवाय तपासणीला जाणं म्हणजे ढोल घेऊन चोरीला जाणं. रविवारी दुकानं बंद. भिंगरी घरभर फिरला, माळ्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला आणि एका बंद पडलेल्या कँटीनमधून उचलून आणलेली स्टीलची चहाची टाकी घेऊन खाली आला. उभी, गोल, पन्नास कप चहाची, खाली तोटी. धुराड्यांच्या पंख्यांचा आवाज मारायची त्याची रीत ठरलेली होती. आत भोकाभोकांचा पाइप, भोवती काचेची लोकर, वरून पत्र्याचा डबा. तेच त्याने इथे केलं. टाकीला दोन्हीकडून भोकं पाडली, जाळीचा पाइप आरपार घातला, लोकर ठासली, टाकी आडवी करून पाइपाला वेल्डिंग केली. तोटी काही निघेना. गंजून चिकटली होती. फिरायची मात्र लोण्यासारखी.

"राहू दे," भिंगरी म्हणाला. "पाणी साचलं तर काढायला उपयोगी."

"आणि चहा लागला तर?" मेहुणा म्हणाला.

"तू झोप."

तो झोपला. भिंगरी उठला, दोन पावलं मागे सरकून आपल्या कामाकडे बघितलं, पाइपाचं तोंड उघडं दिसलं, आणि हाताशी जे होतं ते घेऊन कोंबलं. डोक्याला हे कळलंही नाही. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला आणि किल्ली फिरवायला लागला. घर्र घर्र घर्र. काही नाही. पुन्हा. काही नाही. बाहेर आला, गाडीला प्रदक्षिणा घातली, आत बसला. घर्र घर्र. पेट्रोलचा वास गॅरेजभर झाला.

चारही प्लग काढले. चिंब ओले. वाळवायचे कशावर? बायकोची इस्त्री तापलेली होती. भिंगरीने ती पालथी करून त्यावर प्लग ओळीने मांडले, वाळवले, इस्त्री जागेवर ठेवली आणि पळाला. दहा मिनिटांनी आतून बायकोचा आवाज आला. "अहो! या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर चार टिकल्या कसल्या?"

"आलो, आलो," भिंगरी म्हणाला आणि आला नाही.

प्लग बसवले. किल्ली. घर्र घर्र. काही नाही. आता मात्र त्याचा धीर सुटला. उद्या दहा वाजता. तो बोनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि भिंगरी उभा राहिला म्हणजे प्रकरण गंभीर. बायको हातात तो शर्ट घेऊन दारात आली होती, भांडायला. पण त्याला असं उभं बघून तिने शर्ट पाठीमागे धरला.

"काय झालं?"

"गेली," तो म्हणाला. "बोलाव त्या भंगारवाल्याला उद्या. चार कशाला, सकाळीच बोलाव."

बायकोने बॅटरी उचलली आणि उगाचच गाडीच्या बाजूने, खालून, प्रकाश टाकला.

"अहो," ती म्हणाली, "हिच्या तोंडात माझा पडदा का आहे?"

निळा पडदा. अर्धा शिवलेला, लांबी बघायला सकाळी खिडकीवर टाकलेला. पार आतपर्यंत ठासलेला, बावीस वर्षांच्या अनुभवाने. तिघांनी ओढला, निघाला नाही. पाइपाच्या कडेला टोकं अडकून फाटत होता.

"किल्ली मारा," मेहुणा म्हणाला. "फुंकून काढेल."

"मघापासून काय करतोय मी?"

"मघा बोळा घट्ट होता. आता ओढून सैल झालाय. मारा."

गाडी बाहेर ढकलून रस्त्याच्या तोंडाशी आणली. भिंगरीने किल्ली मारली. एक, दोन, तीन. इंजिन खोकलं, आत साचलेलं सगळं पेट्रोल एकदम पेटलं, ढुम् करून आवाज झाला, आणि निळा पडदा जळत, गोल फिरत, फार डौलाने रस्ता ओलांडून समोरच्या गटारात गेला. मागोमाग इंजिन असं सुरू झालं की जणू काही घडलंच नाही. टाकीतून आवाज येत होता तो गोड, घुमणारा, भरल्या पोटी मांजर गुरगुरतं तसा. भिंगरी वीस मिनिटं नुसता आत बसून होता. हलला नाही. बायको दारात उभी राहून बघत होती.

"पडद्याचं काय?" शेवटी मेहुण्याने विचारलं.

"खिडकी कुठे पळून चाललीय?" ती म्हणाली आणि शर्टाच्या टिकल्या धुवायला गेली.

सोमवारी दहाला तिघं तपासणीच्या आवारात हजर. बायको पलीकडच्या दाराशी, पाय वर घेऊन, कारण खालून तवा तापावा तसा पत्रा तापत होता. मेहुणा मागच्या सीटवर घडी घालून ठेवल्यासारखा झोपलेला. भिंगरी गाडी थांबताच खाली उतरला, म्हणजे पुन्हा चालू झाला. रांगेत दहा गाड्या होत्या. त्या त्याने सगळ्या मोजल्या, पुढून आणि मागून.

तपासणीचे साहेब बारीक, चष्मेवाले, हातात पाटी आणि पाटीला फॉर्म. ते गाडीकडे बघत नव्हते, फॉर्मकडे बघत होते, आणि फॉर्म विचारेल तेवढंच गाडीला विचारत होते.

"दिवे?"

"आहेत."

"ब्रेक?"

"आहेत."

"मागचा पाइप?"

"साहेब, तो जरा... बाजूला घेतलाय."

साहेब मागे गेले. वाकले. "मागे पाइप नाही," ते म्हणाले आणि लिहिलं: नाही. मग आवाज मोजायचं यंत्र काढलं, फॉर्म वाचला. "यंत्र मागच्या पाइपापासून दीड फुटावर धरावं." त्यांनी चष्मा वर सरकवला. मागचा पाइप नव्हता. पण मागचा पाइप असायची जागा होती. त्यांनी तिथून दीड फूट मोजला आणि यंत्र धरलं. "मारा."

भिंगरीने स्टिअरिंगवर बसून इंजिन रेटलं. टाकी दुसऱ्या बाजूला घुमली, तिकडे उभा असलेला एक ट्रकवाला कान धरून खाली बसला, आणि इकडे यंत्राने अठ्ठ्याऐंशी दाखवलं. हद्द नव्वदची.

"आवाज ठीक. मागून धूर?" साहेबांनी बघितलं. पाइप नाही तिथून धूर कुठला? "धूर अजिबात नाही," ते जरा कौतुकाने म्हणाले. "जुन्या गाड्या नीट ठेवल्या तर अशा राहतात."

परत जाताना ते बाजूने गेले आणि थबकले. बोट खाली गेलं. "ही तोटी कसली?"

साहेबांचा हात तोटीकडे निघाला. उघडली असती तर आवाज आणि धूर तिथूनच फुटला असता, मग दीड फूट काय आणि दीड मैल काय.

"चहा संपलाय, साहेब," बायको आतून म्हणाली.

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग फॉर्मकडे बघितलं. फॉर्ममध्ये तोटीचा रकाना नव्हता. त्यांनी हात मागे घेतला. "पास. कागद जेवणाच्या सुट्टीनंतर मिळेल."

सुट्टी लांबली. भिंगरीने आवाराला किती फेऱ्या मारल्या ते चौकीदाराने मोजायचं सोडून दिलं. इंजिन गार झालं, पाइप गार झाला, मेहुणा कूस बदलून झोपला. अडीच वाजता खिडकी उघडली. पिवळा कागद, गोल शिक्का, हिरवी सही.

"हरवू नका," साहेब म्हणाले. "दुसरा देत नाही आम्ही. हरवला तर पुन्हा तारीख, पुन्हा तपासणी, दोन महिने."

"साहेब, जिवापेक्षा जपेन," भिंगरी म्हणाला.

बायको रजिस्टरवर सही करत होती. भिंगरी कागदाची गुंडाळी हातात नाचवत गाडीपाशी आला. पाइपाच्या कडेवर एक चिमणी बसली होती. तिने आत डोकावून बघितलं, घर बरं दिसतंय अशी मान डोलावली आणि आत पाय टाकला. भिंगरीने तिला हाकललं. मग बावीस वर्षं अशा वेळी जे केलं तेच करून, हात झटकून, तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

गाडी निघाली. पहिली गल्ली गेली. भिंगरी शांत होता. खांदे खाली, ओठांवर हसू. बायकोने पाय वर घेतले आणि त्याच्याकडे एकदा नीट बघितलं.

"असं करू," ती म्हणाली. "गाडी राहू दे. पण गॅरेज माझं. गाडी दारासमोर रस्त्यावर उभी करायची."

"रस्त्यावर?"

"रस्त्यावर. वर आवरण मी शिवून देते. चांगलं जाड, नाडी लावून."

भिंगरीने विचार केला. बसल्या बसल्या विचार करायची त्याला सवय नव्हती, म्हणून दुसरी गल्ली त्यातच गेली. "चालेल," तो म्हणाला, आणि खरंच चालण्यासारखं होतं. अकरा वर्षांचं घोडं एका वळणावर गंगेत न्हालं.

"मग द्या तो कागद," बायको म्हणाली. "मी काचेला लावते."

भिंगरीने शर्टाचा खिसा चाचपला. पँटचे दोन्ही चाचपले. हातांकडे बघितलं. मग त्याने बायकोच्या बाजूच्या आरशात, खाली पाइपाकडे बघितलं.

"अहो. कागद कुठाय?"

तिसऱ्या गल्लीच्या वळणावर फट् झालं, अगदी बारीक, आणि पिवळा कागद दाराखालून पेटलेला बाहेर पडला. भिंगरीने गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली आणि धावला. त्याने बुटाने कागद विझवला. हिरवी सही शाबूत होती. नंबर, तारीख आणि 'पास' हा शब्द जळाला होता.

तो परत आला आणि किल्ली फिरवली. थंड इंजिन, तापायच्या आत बंद केलेलं.

घर्र घर्र घर्र.

"मी डोळ्यांनी बघितलंय पास झालेली," बायको म्हणाली. "करार माझ्याशी होता, कागदाशी नव्हता. दोन महिन्यांनी तपासणीला घाला पुन्हा." तिने फोन काढून भंगारवाल्याला लावला. "हो, मीच. नाही, न्यायची नाही. ओढून घरी आणून सोडायची आहे. हो, तुमच्याच टेम्पोने. तिसऱ्या गल्लीत."

भंगारवाला बोलल्यासारखा बरोबर चार वाजता आला, टेम्पो पुढे लावला आणि दोर घेऊन खाली उतरला. भिंगरी स्टिअरिंगवर तसाच बसून होता. तीन दिवसांत पाठ टेकली नव्हती, बसल्या जागी त्याचा डोळा लागला. बायकोने त्याला उठवलं नाही. मागे मेहुणा झोपलेलाच होता. भंगारवाल्याने पुढे वाकून बघितलं. ओढायचा हुक गंजून केव्हाच गळालेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिच्यात जी एकच वस्तू नवी, जाड आणि मजबूत दिसली, तिला दोर बांधला.

टेम्पो निघाला. पाइप टाकीसकट, तोटीसकट, त्याच्यामागे खणखणत चौकापर्यंत गेला. गाडी तिसऱ्या गल्लीतच राहिली.